हरणाबाईंचे पाय

नानासो कुपवाडला आले ते कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. कोयनेकाठच्या हेळवाकहून कराड, कराडहून सांगली, सांगलीहून कुपवाडची एमआयडीसी असा तीन गाड्यांचा प्रवास, आणि सबंध वाटभर तो पिवळा पडलेला जड खोका त्यांनी गोधडीत गुंडाळून मांडीवर धरला होता. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा की आजोबा. ह्यांनी ठेवला नाही. खाली गाडीचे हादरे बसतात, आणि हादरे मोजणाऱ्या यंत्राला उगाच हादरे देऊ नयेत, एवढी साधी गोष्ट कंडक्टरला कळत नव्हती.

शाहनवाजचं दुकान एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत आहे, एका फाउंड्रीला चिकटून. नवं काही त्याच्याकडे येतच नाही. कुपवाडच्या बारक्या कारखान्यांतली बरीच मशीनं अजून तीस-तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर चालतात. मशीन धडधाकट असतं आणि त्याला चालवणारा कॉम्प्युटर मान टाकतो. अशा मान टाकलेल्यांना उठवणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच, असं शाहनवाज सांगतो. त्यात थोडी बढाई आहे, पण बरंचसं खरंही आहे.

"सुरूच हुईना गड्या," नानासो गोधडी सोडत म्हणाले. "सा दिस झालं. पंखा सुदिक फिरंना."

"पॉवर सप्लाय गेला आसंल नाना. बसा तुमी. च्या सांगतो."

"च्या ऱ्हाऊ दे. रविवारच्या आत सुरू हुईल का एवढं सांग."

आज मंगळवार होता. शाहनवाजने मान डोलावली. नानासो मग बसले, आणि बसल्यावर त्यांचे हात मोकळे झाल्यामुळे काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी गोधडीची व्यवस्थित घडी घातली.

नानासोंची नोकरी कोयनेच्या प्रकल्पावर झाली, तीही भूकंपाच्या नोंदी घेणाऱ्या विभागात. साहेबांच्या हाताखालचे तंत्रज्ञ. निवृत्त झाले तेव्हा भंगारात निघालेला हा कॉम्प्युटर आणि एक जुना सेन्सर त्यांनी मागून आणला. हेळवाकला घरामागे खड्डा खणून सेन्सर पुरला, तिथून वायर आत आणली, आणि तेव्हापासून त्यांच्या सोप्यात एक हिरवी रेघ रात्रंदिवस पडद्यावर चालत होती. जमीन हलली की रेघ उसळायची. मग नानासो वहीत तारीख, वेळ आणि उसळीची उंची लिहायचे. पेन्शनीत माणसं भजन करतात, ह्यांनी हे केलं.

पण खरं सांगायचं तर ते यंत्र त्यांनी बायकोसाठी मांडलं होतं.

हरणाबाई सदुसष्ट सालच्या भूकंपात सात वर्षांच्या होत्या. त्याआधी आठ-पंधरा दिवस ही पोर आईला सांगायची, आई, जमीन हलतीया. आई म्हणायची, गप नीज. डिसेंबरात एका पहाटे घर खाली आलं. पाळण्यातला धाकटा भाऊ गेला. त्यानंतर आई जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की माझी पोरगी सांगत हुती, मीच ऐकलं न्हाई. तेव्हापासून हेळवाकात हरणाबाईंच्या पायांना मान होता. त्या खाटेवर कधी झोपल्या नाहीत, घरात पायात काही घातलं नाही. इतरांना कळणारही नाही असा बारीक हादरा त्यांना तळपायात कळायचा. "हल्लं," एवढंच म्हणायच्या. शेजारपाजारच्या बायका हातातलं काम तसंच ठेवून अंगणात येऊन विचारायच्या, "काकू, हल्लं का?" आणि काकू न्हाई म्हणाल्या की परत आत जायच्या.

नानासोंचं यंत्र आलं तसं घरात एक रीत पडली. हरणाबाई म्हणायच्या, "हल्लं." नानासो उठून पडदा बघायचे आणि म्हणायचे, "व्हय, हल्लं." बारा वर्षं यंत्राचं आणि बायकोचं एकदाही वाकडं आलं नाही. नानासो ह्या गोष्टीचं भारी कौतुक करायचे. सरकारनं माझ्या बायकूच्या पायाला वायर जोडायला पायजे हुती, सेन्सरचा खर्च वाचला असता, असं चारचौघांत म्हणायचे.

शाहनवाजला हे सगळं ठाऊक होतं, कारण चौदा महिन्यांपूर्वी हाच खोका नानासोंनी असाच मांडीवरून आणला होता. तेव्हा आतली डिस्क मेली होती. शाहनवाजने ती बदलून दिली होती.

"काकू कशा हायत?" त्याने पेचकस शोधता शोधता विचारलं.

बाहेर फाउंड्रीतल्या कामगारांची जेवणाची सुट्टी झाली होती आणि मोटारसायकली एकामागून एक सुरू होत होत्या. त्यांचा आवाज गेल्यावर नानासो म्हणाले, "तिच्या डोस्क्यावर परिणाम झालाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गेल्या वर्षापासून हरणाबाईंचं चुकायला लागलं. त्या म्हणायच्या, हल्लं. नानासो बघायचे तर रेघ सरळ. "न्हाई गं, काय न्हाई." दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. उलट यंत्रावर उसळी दिसायची तेव्हा ह्यांनी विचारावं, कळलं का, तर त्या म्हणायच्या, न्हाई. असं एकदा नाही, दहादा झालं, वीसदा झालं. पहिल्यांदा त्या भांडल्या. तुमचं यंत्र बिघडलंय म्हणाल्या. नानासो हसले. शाहनवाजनं आत्ताच करून दिलंय, नवं कोरं हाय, असं त्यांनी सांगितलं. मग हरणाबाई भांडायच्या थांबल्या. नुसत्या विचारायला लागल्या, "यंत्र काय म्हणतंय?" शेजारणींनीही त्यांना विचारायचं सोडलं. दिवाळीला मुलगा जयराज आला, त्याने आईला सांगलीच्या डॉक्टरला दाखवलं. वयात असे भास होतात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू झाल्या. जयराजने आईला मऊ तळव्याच्या चपला आणल्या आणि खाट आणली.

"आता ती हल्लं म्हणतच न्हाई बघ," नानासो म्हणाले. "गोळ्यानं गुण आला. पर घरात पाय टाकायच्या आधी इचारती, यंत्र काय म्हणतंय. निजायच्या आधी इचारती. मी सांगितलं काय न्हाई, की मग आत येती. आता सा दिस झालं यंत्र बंद. सा दिस ती आंगणात खुर्ची टाकून बसलीया. आत यायलाच तयार न्हाई. थंडीचं दिस. जयराज म्हणतोय रविवारी गाडी घिऊन येतो, कायमची नेतो."

"आन तुमी?"

"मला पोराच्या तिसऱ्या मजल्यावर राहता येत न्हाई गड्या. खाली जमीनच न्हाई." नानासोंनी घडी घातलेल्या गोधडीवर हात ठेवला. "यंत्र सुरू झालं तर ती घरात यील. घरात आली तर पोराला सांगता यील, ऱ्हाऊ दे म्हणून. पंचेचाळीस वर्सं झाली संसाराला. ती जाऊन मी काय एकटा रेघ बघत बसू?"

ह्या वेळी त्यांनी सेन्सरही उकरून बरोबर आणला होता, आणि दोन वह्याही. न जाणो, तुला लागतील. उठता उठता त्यांना एवढ्या दुःखातही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवलं नाही. नव्या वहीत त्यांना एक शोध लागला होता. कोयनेत आता दर नऊ दिवसांनी एक बारीक हादरा येतो, अगदी ठरल्यासारखा. धरणाच्या पाण्याच्या दाबाचा हिशेब आहे तो. त्यांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना तसं पत्रही टाकलं होतं. उत्तर आलं नव्हतं, पण मोठी माणसं कामात असतात.

पॉवर सप्लाय बुधवारी सकाळीच बदलून झाला. पंखा फिरला, पडदा उजळला, हिरवी रेघ चालायला लागली. शाहनवाजने सहज म्हणून सेन्सर जोडला आणि टेबलावर हातोडी आपटली.

रेघ सरळ होती.

त्याने पुन्हा आपटली. टेबलावरचा चहाचा कप उडाला, शेजारचे स्क्रू घरंगळले, रेघ जशीच्या तशी. सेन्सरची वायर तपासली, ठीक. सेन्सर ज्याला जोडतात ते खोक्यातलं कार्ड काढून पुसून परत बसवलं. तरी तेच. मग त्याची नजर पडद्याच्या अगदी खालच्या कडेला गेली. तिथे बारीक अक्षरांत एक शब्द होता, डेमो.

हा शब्द त्याने चौदा महिन्यांपूर्वीही पाहिला होता. तेव्हा सेन्सर जोडलेला नव्हता, तो हेळवाकच्या जमिनीत होता. सेन्सर नाही म्हणून प्रोग्रॅम नुसता डेमो दाखवतोय, घरी जोडला की सुधारेल, असं त्याला वाटलं होतं. तसं वाटण्यासारखं होतंच. मी येऊन बघून जाईन नाना, असंही तो म्हणाला होता. पण कामं निघाली, मग रोजे आले, मग ईद झाली, आणि ते गेलं राहून. नानासोंच्या घरच्या जुन्या मॉनिटरवर चित्र खाली सरकलेलं असायचं, खालची ओळ दिसायचीच नाही. ते शाहनवाजला माहीत होतं, पण कधी आठवलं नाही.

आता त्याने हातातलं काम सोडून त्या यंत्राचीच पाठ धरली. जुना कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी एक छोटी फाईल वाचतो. कॉन्फिगची फाईल म्हणतात तिला. काय काय जोडलेलं आहे, कुणाची ओळख करून घ्यायची, ते एकेका ओळीत लिहिलेलं असतं. नानासोंच्या फाईलमध्ये नऊ ओळी होत्या, आणि सेन्सरच्या कार्डाची ओळख शेवटच्या, नवव्या ओळीत होती. ओळ तिथे होती. अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. तरी कॉम्प्युटर आठ ओळी वाचायचा आणि पुढे जायचा. नववी नाहीच म्हटल्यासारखा.

बुधवार दुपार गेली. शाहनवाजने वरच्या आठ ओळींचा क्रम बदलून पाहिला, कार्डाची जागा बदलून पाहिली, त्याच नावाची दुसरी कुठली फाईल आधी वाचली जाते की काय तेही पाहिलं. एका ऑफसेट छापखानेवाल्याचं काम खोळंबलं होतं, तो दोनदा येऊन शिव्या घालून गेला. गुरुवारी दुपारी, हात टेकायची वेळ आली तेव्हा, शाहनवाजने कर्सर फाईलच्या अगदी तळाशी नेला. तो नवव्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापाशी थांबला. त्याच्या पुढे जाईना, खालीही जाईना.

ओळीच्या शेवटी एंटर मारलेला नव्हता.

गेल्या वेळी डिस्क बदलताना मूळच्या सिस्टिमच्या फ्लॉप्यांना बुरशी आली होती. म्हणून त्याने तशीच चालणारी, फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम टाकली होती. शंभरातल्या नव्याण्णव गोष्टींत ती जुनीसारखीच वागते. जुनीला शेवटच्या ओळीपुढे एंटर असला काय, नसला काय, ती समजून घ्यायची. हिला मात्र एंटर नसलेली ओळ पुरी झाली असं वाटतच नाही. ती सोडून देते, आणि सोडली म्हणून तोंडातून शब्द काढत नाही. ती नवी फाईल शाहनवाजनेच आपल्या दोन बोटांनी टाईप केली होती.

त्याने एंटर मारला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. टेबलावर बोटाने नुसती टिचकी मारली, आणि रेघ उसळली.

एरवी असा बिघाड सापडला की शाहनवाज खुर्चीत मागे रेलून शीळ घालतो. त्या दिवशी त्याने वह्या उघडल्या. नव्या वहीत नानासोंच्या सुबक अक्षरात सत्तेचाळीस नोंदी होत्या. प्रत्येक नोंद नऊ दिवसांच्या अंतराने. प्रत्येक हादरा अठरा सेकंदांचा. प्रत्येक उसळीची उंची तीच. डेमोत एकच उसळी भरून ठेवलेली असते आणि ती ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा दाखवली जाते. चौदा महिने ते यंत्र जमिनीला लागलेलंच नव्हतं. आपल्याच पोटातलं वाचत बसलं होतं. आणि एवढ्या दिवसांत कोयनेला सगळ्यांना जाणवावा असा एकही मोठा धक्का आला नव्हता, की ज्यामुळे त्याचं पितळ उघडं पडलं असतं.

घरी गेल्यावर त्याने फिरदोसला, बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे त्या बाई बरोबर हुत्या."

"व्हय."

"आन गोळ्या?"

शाहनवाज उठून बाहेर गेला. फोनवर सांगावं म्हणून त्याने दोनदा नानासोंचा नंबर लावला, आणि पलीकडून हॅलो आल्यावर दोन्ही वेळा एवढंच म्हणाला, "झालंय नाना. मी सोता घिऊन येतो." त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

शनिवारी सकाळी तो निघाला. सेन्सर आणि वह्या पिशवीत घातल्या, खोका मांडीवर घेतला. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून गाडी रांगत कराडला पोचली, पाटणनंतर रस्ता वळायला लागला. तो सारखा मनात वाक्यं जुळवत होता. नाना, माझ्याकडनं एक चूक झाली. नाना, एक एंटर राहिला. चौदा महिन्यांच्या गोष्टीला हे कारण इतकं क्षुल्लक होतं की सांगताना तोंडातून बाहेर पडेल की नाही, त्याला शंका होती.

हरणाबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर शाल, पायांत निळ्या मऊ चपला. ओट्यावर बांधलेली पिशवी होती. काही वर्षांपूर्वी इथे आला होता तेव्हा त्याने पाहिलेल्या बाई उंबऱ्यावर अनवाणी उभ्या राहून ऐटीत बोलणाऱ्या होत्या. ह्या बाई त्याच्याकडे बघून हसल्या, पण हसू जरा उशिरा आलं.

"आलास व्हय शानवाजभाऊ. झालं का यंत्र?"

"झालं काकू."

"काय म्हणतंय?"

शाहनवाज खोका घेऊन आत गेला. नानासोंनी घाईघाईने सेन्सर खड्ड्यात ठेवला, माती लोटली, वायर जोडली. सोप्यात रेघ सुरू झाली. मॉनिटर उंबऱ्याकडे वळवला, म्हणजे बाहेर बसलेल्या हरणाबाईंनाही दिसावा. आणि मग शाहनवाजने तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. एंटर. नववी ओळ. डेमो. सत्तेचाळीस नोंदी.

नानासो ऐकता ऐकता खाली बसले. ज्या वहीतला शोध त्यांनी पुण्याच्या प्राध्यापकांना कळवला होता ती त्यांनी हातात घेतली आणि परत ठेवली.

"म्हंजे हितं काय हल्लंच न्हाई?"

"हल्लं नाना. तुमच्या यंत्राला कळलं न्हाई. काकूंना कळत हुतं."

स्वयंपाकघराच्या भिंतीला कॅलेंडर होतं. नव्या वर्षाच्या मागे, त्याच खिळ्याला, जुन्या वर्षाचं. दुधाचा हिशेब ठेवायला बायका ठेवतात तसं. हरणाबाईंना लिहिता येत नाही. हल्लं की त्या बोटाने चुन्याचा एक ठिपका त्या तारखेवर लावायच्या, ही त्यांची जुनी सवय. नानासोंना ती माहीत होती, पण घरात वही असताना ठिपक्यांकडे कोण बघतो. शाहनवाजने फोनवर सरकारी यादी उघडली. कोयना भागातल्या लहानमोठ्या सगळ्या हादऱ्यांची यादी असते ती, कुणीही बघावी अशी. नानासोंनी चष्मा लावला. एकजण तारीख वाचायचा, दुसरा बोट ठेवायचा.

"बारा जानेवारी."

"हाय ठिपका."

"तीन फेब्रुवारी."

"हाय."

तेवीस ठिपके होते. एकोणीस जुळले. चारांचं काही सापडलं नाही. दिवाळीनंतर यादीत सहा हादरे होते आणि कॅलेंडरवर एकही ठिपका नव्हता. तिथे पोचल्यावर नानासोंनी चष्मा काढला.

नानासो कॅलेंडर घेऊन अंगणात गेले. इतक्या वर्षांत बायकोसमोर असं उभं राहायची त्यांच्यावर पाळी आली नसेल.

"अगं, तुझं बरोबर हुतं. येक न्हाई, येकोणीस. मीच चुकलो. ह्ये यंत्र आंधळं हुतं."

हरणाबाईंनी कॅलेंडर हातात घेतलं, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. थोडा चुना अंगठ्याला लागला. मग त्यांनी ते मांडीवर पालथं ठेवलं.

"ह्ये मी आजारी हुते तवाचं हाय," त्या म्हणाल्या.

"आजारी न्हवतीस. तेच सांगतोय."

"काकू, माझी चूक झाली," शाहनवाज म्हणाला. "तुमची काय चूक न्हवती. माझ्यानं झालंय."

हरणाबाईंनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. जयराजकडे बघावं तसं.

"मला बरं वाटावं म्हून म्हणताय तुमी. कळतंय मला. डाक्टर म्हणला हुता, घरची माणसं आसं म्हणतील, मनावर घ्यायचं न्हाई. गोळ्या चुकवायच्या न्हाईत." त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. "एवढी दगदग कशाला केलीसा. इतक्या लांबनं बिचाऱ्याला आणलंसा."

शाहनवाज तिथे उंबऱ्यात बसून राहिला. कॉम्प्युटरला नवी ओळ लिहायची म्हटली तर एका कीचं काम आहे. ह्या बाईच्या मनात चौदा महिने जे लिहिलं गेलं ते पुसायला कुठली की दाबायची, हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं. नानासोंनी चहा ठेवला. कपबश्या कोण काढणार ह्याची दोघांत जरा गडबड झाली. हरणाबाई आत आल्या नाहीत.

चहा पिताना ते झालं. शाहनवाजला आधी कळलंच नाही. उंबऱ्याला टेकलेल्या पाठीला काहीतरी हलकं जाणवलं, मागच्या रस्त्याने ट्रक जावा तसं. ट्रक नव्हता. मग बशीतल्या चहावर बारीक कड्या उमटल्या. त्याने मान वळवली. पडद्यावर हिरवी रेघ उसळली, पुन्हा उसळली, आणि थरथरत थरथरत सरळ झाली.

नानासोंनाही कळलं. त्यांनी रेघेकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. सदुसष्टपासून दिवाळीपर्यंत कधीही चुकला नव्हता तो शब्द आता येईल म्हणून ते वाट बघत राहिले. हरणाबाई शांतपणे बशीत फुंकर घालत होत्या. निळ्या चपलांतले त्यांचे पाय एकमेकांवर टेकलेले होते.

"अगं," नानासो म्हणाले. "हल्लं. आत्ता हल्लं बघ."

हरणाबाईंनी बशी खाली ठेवली. जमिनीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"न्हाई वं," त्या म्हणाल्या. "काय न्हाई. भास हुतोय तुमाला."

"अगं, यंत्रावर बघ की. शानवाजला इचार."

"काय न्हाई." त्यांनी नवऱ्याचा हात थोपटला, वर्षभर त्यांचा स्वतःचा थोपटला गेला होता तसा. "घाबरू नगासा. उद्या जयराज येतोय, तुमी बी चला माझ्यासंगं. त्यो डाक्टर लय चांगला हाय."

नानासोंनी वहीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. अंगणापलीकडच्या घरातून एक शेजारीण बाहेर आली होती. तिने हरणाबाईंकडे पाहिलंच नाही. कुंपणावरून उंच आवाजात तिने नानासोंना विचारलं, "आवं काका, हल्लं का?"

नानासो हरणाबाईंकडे बघत राहिले, आणि शेजारीण उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.